गुणपत्रिका ओमानला गेली

आई ओमानला शिकवायला गेली तेव्हा मी आठवीत होते आणि माझी धाकटी बहीण विजू चार वर्षांची होती. आमच्या भागात आखातात जायचे ते पुरुष. चिपळुणात, सावर्ड्यात अशी घरं आळीआळीला होती. आमच्या घरातून आई गेली, त्याचं कारण अगदी साधं होतं. आई आणि अण्णा रत्नागिरीत एकाच हायस्कुलात शिक्षक होते. अण्णा मराठी शिकवत, आई इंग्रजी. वर्तमानपत्रात जाहिरात आली ती इंग्रजी शिकवणाऱ्या बायकांसाठी. "मराठीला तिकडे कोण विचारतंय?" असं अण्णाच येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगत, आणि हसून झालं की चष्मा काढून पुसत बसत. वर सड्याच्या माळावर आम्ही कातळाचा एक तुकडा घेऊन ठेवला होता, त्यावर चिऱ्याच्या दोन खोल्या उठवायच्या होत्या. विजूला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. दोन वर्षं जायचं, एवढं करायचं आणि परत यायचं, असं ठरलं. शाळेने दोन वर्षांची बिनपगारी रजा दिली. मुलाखतीला आई मुंबईला जाऊन आली आणि श्रावण संपता संपता गेली. निघताना ती रडली नाही, मीही नाही. आमच्या घरात ती पद्धत नव्हती.

विजूला फिट येत असे. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. हातातली वाटी सुटून फरशीवर गरगरत जायची. तो आवाज आला की घरातलं जे माणूस जवळ असेल ते जागेवरून उठलेलंच असे. कुशीवर वळवायचं, दातांत काही घालायचं नाही, मिनिटं बघायची. हे डॉक्टरांनी शिकवलेलं. कांदा फोडून नाकाशी धरायचा, हे माई आत्याने शिकवलेलं. आम्ही दोन्ही करत असू. विजूला बालवाडीत घातलं होतं, तिसऱ्या आठवड्यात बाई स्वतःच तिला हाताला धरून घरी घेऊन आल्या. फार सौजन्याने बोलल्या. बाकीची मुलं घाबरतात, म्हणाल्या. त्यानंतर विजू कुठल्याच शाळेत गेली नाही. दोन शिक्षकांच्या घरातल्या मुलीला शाळा नव्हती.

माई आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, लांज्याची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा मुंबईत गिरणीत. आई गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, येताना स्वतःची विळी घेऊन आली. दुसऱ्याच्या विळीवर तिला चिरता येत नसे. सकाळी पाचला नगरपालिकेचं पाणी यायचं, नळ आधी खोकायचा, मग सू सू करायचा, मग धार लागायची, आणि नळाच्या खोकण्याबरोबर आत्या उठलेली असायची. पेज, पेजेबरोबर भाजलेली सुकट किंवा लोणच्याची फोड. दुपारी कुळथाची पिठी आणि भात. फणसाच्या दिवसांत आठळ्यांची भाजी इतक्या वेळा की अण्णा ताटावर बसायच्या आधीच वासावरून उसासा टाकत. आत्याची आईबद्दल काही तक्रार नव्हती. "सुमन गेली ता बरा केलान," ती म्हणायची. "बापयांनीच सगळी दुनिया बघायची काय?" फक्त पत्र वाचताना तिचा एक प्रश्न ठरलेला असे.

पत्र दर पंधरवड्याला यायचं आणि अण्णा ते रविवारी सकाळी मोठ्याने वाचत. वाचताना हातात लाल पेन्सिल. आईचे ऱ्हस्वदीर्घ कच्चे होते, ते अण्णा जाता जाता दुरुस्त करत आणि दुरुस्त केलेली पत्रं फाइलला लावून ठेवत. ती फाइल माझ्याकडे आहे. आईची शाळा मस्कतपासून मोटारीने पाच तास आत, उघड्याबोडक्या डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात होती. खजुराच्या बागा होत्या आणि बागांतून आपल्याकडच्या पाटासारखं पाणी वाहतं, असं तिने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. शाळा म्हणजे तीन खोल्या आणि दोन तंबू. सकाळी मुलगे, दुपारी मुली, कारण खोल्या तेवढ्याच. गणित, धर्म, भाषा शिकवायला इजिप्तच्या बायका, इंग्रजीला आई. दहा-बारा वर्षांपूर्वी त्या देशात शाळा शोधावी लागत होती आणि मुलींची तर शोधूनही मिळाली नसती. आता डोंगराडोंगरांत सरकार शाळा उघडत होतं आणि शिकवायला माणसं बाहेरून आणत होतं. चौथीच्या वर्गात नऊ वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांची मुलगी एका बाकावर बसतात, असं आईने लिहिलं. मुलींना आणायला एक छोटी उघडी गाडी जायची. गाडी वाळूत रुतली की मुली उतरून ढकलायच्या आणि घामाघूम होऊन इंग्रजीच्या तासाला येऊन बसायच्या.

ही शाळा वाढायची तिची एक पद्धत होती, ती इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं. सगळ्यात वरचा वर्ग जो असेल, तो पास झाला की त्याच्या पुढचा वर्ग दर वर्षी नव्याने उघडायचा. आई गेली त्या वर्षी चौथी सगळ्यात वर होती. पुढच्या वर्षी त्याच मुलींसाठी पाचवी उघडली, मग सहावी. मुली पुरेशा असतील आणि शिकवणाऱ्या बाया हजर असतील तर वर्ग उघडायचा, नाहीतर मुली घरी बसायच्या. त्यांना पुढे पाठवायला दुसरी शाळाच नव्हती. म्हणजे त्या मुली शाळेत जात नव्हत्या, शाळाच त्यांच्याबरोबर एकेक इयत्ता पुढे जात होती, आणि आई त्या शाळेबरोबर. दोन वर्षांची तीन वर्षं कधी झाली ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. पत्रांत "आमच्या मुली" असा शब्द यायला लागला. तेव्हा आत्याचा तो ठरलेला प्रश्न यायचा. "आमच्या म्हणजे कोणाच्या गो?"

त्यातल्या एका मुलीचं नाव दर पत्रात असे. मौजा. नाव ऐकून विजू हसत सुटायची. मौजा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, हुशार, आणि तिच्या वडिलांची खजुराची मोठी बाग. खोऱ्यातले बाकीचे लोक तिच्या वडिलांकडे बघून वागत. त्यांनी मुलगी शाळेत ठेवली तर इतर ठेवायचे, त्यांनी काढली तर आठवड्याभरात अर्धा वर्ग रिकामा.

मी दहावी पास झाले त्या वर्षी आई उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होती. मला चांगले मार्क पडले होते, गणित आणि विज्ञानात तर शाळेत मुलींत पहिली होते. मला अकरावी सायन्सला जाऊन पुढे फार्मसी करायची होती. त्यात ध्येय वगैरे काही नव्हतं. विजूच्या गोळ्या आणायला मी ज्या दुकानात जायचे तिथे काउंटरमागे पंखा होता, बाटल्या ओळीने लावलेल्या होत्या आणि कुणी कुणावर ओरडत नसे. असं ठिकाण मी दुसरं बघितलं नव्हतं. पण त्याच महिन्यात आत्याला सुनेच्या बाळंतपणासाठी मुंबईला जायचं होतं, आणि बाळंतपण म्हणजे पुढे वर्षभराची निश्चिंती. कॉलेज सकाळी साडेसातला भरायचं, अण्णा दहाला शाळेत जात ते संध्याकाळी येत. विजूला एकटं ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. आई पुढ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी समोर बसले.

"एक वर्ष, नंदा," ती मान वर न करता म्हणाली. "सातवीचा वर्ग तेवढा उघडू दे. मग मी मोकळी."

"आणि नाही उघडला तर?"

"तर मौजाचं लग्न होईल. तेरावं सुरू आहे तिला."

आता माझं वय आईच्या तेव्हाच्या वयापेक्षा बरंच जास्त आहे, आणि अजूनही ह्याच्यावर काय बोलायचं असतं ते मला सापडलेलं नाही.

परत जायच्या आदल्या दिवशी सामान भरताना आईने माझी गुणपत्रिका मागितली. तिथल्या बापांना दाखवायची होती. मुलगी शिकते, दहावी होते आणि तरी काही बिघडत नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसू दे, असं तिचं म्हणणं. अण्णा म्हणाले, मूळ कागद घराबाहेर जाऊ नये, खरी नक्कल करून देतो. त्यांनी नक्कल करून, मुख्याध्यापकांची सही घेऊन आणलीही. पण आई म्हणाली, त्या माणसांना ह्यातलं एक अक्षर वाचता येणार नाही, त्यांना कळतो तो बोर्डाचा शिक्का. नकलेवरचा निळा शिक्का बघून ते म्हणतील हा तर पोस्टाचा. तसंही वर्षभर पेटीतच पडणार आहे, पुढच्या जूनमध्ये मी स्वतः घेऊन येते. मी हो म्हटलं. मी काही बिचारी म्हणून हो म्हटलं नाही. मला अभिमान वाटला होता. आमच्या आळीतली कुठलीही मुलगी तोवर ओमानला गेली नव्हती, माझे मार्क तरी जात होते.

ते वर्ष मी घरात काढलं. पाणी, पेज, विजूला अंघोळ, विजूच्या गोळ्या, अण्णांचा डबा, दुपारी विजूला पाटीवर अक्षरं. विजू अक्षर चांगलं काढायची, पण फिट येऊन गेली की मागच्या दोन-तीन दिवसांतलं पुसून जायचं आणि पुन्हा ग गणपतीपासून. मी तिला 'क्ष' पर्यंत चार वेळा नेलं. मैत्रिणी कॉलेजातून येताना आमच्या दगडी गडग्यापाशी थांबून बोलायच्या, पावसाळा संपेपर्यंत थांबल्या, मग थांबेनाशा झाल्या. दिवाळीनंतर आईचं पत्र आलं. तिने गावातल्या बापांना शाळेत बोलावलं होतं, कॉफी आणि खजूर ठेवले होते आणि माझी गुणपत्रिका हातोहात फिरवली होती. मौजाच्या वडिलांनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली, शिक्क्यावरून बोट फिरवलं. सातवीत एकोणीस मुली बसल्या, असं तिने लिहिलं होतं. अण्णांनी त्या पत्रात एकही दुरुस्ती केली नाही.

जूनमध्ये आई आली नाही. तिच्या सहा मुली इंग्रजीत नापास झाल्या होत्या, त्यांची फेरपरीक्षा उन्हाळ्याच्या शेवटी होती, त्यांना शिकवायला ती थांबली. शिवाय आठवीचा वर्ग उघडायचा होता. पण तिने माझी सोय केली होती. माई आत्याला पत्र घालून परत बोलावलं होतं, आणि आत्या खरोखरच आली, विळी घेऊन. गुणपत्रिका सावर्ड्याच्या एका माणसाबरोबर पाठवली होती. तो मस्कतला ड्रायव्हर होता आणि सुट्टीवर येत होता. आमच्याकडे तेव्हा असंच चालायचं. पोस्टावर कुणाचा भरवसा नव्हता, येणाऱ्या माणसावर होता. त्याच्या बॅगेत दहा घरांची पाकिटं असायची आणि ज्याने त्याने जाऊन आपापलं आणायचं. प्रवेशाची शेवटची तारीख शनिवार होती. तो माणूस गुरुवारी पोचला, मी शुक्रवारी सकाळच्या एसटीने सावर्ड्याला गेले. त्याच्या आईने मला आधी चहा पाजला, मग माझ्या आईची चौकशी केली, मग माझ्या लग्नाची, आणि मग तांदळाच्या कणगीवरून पाकीट काढून दिलं.

पाकीट मी परतीच्या गाडीत उघडलं. आईने गुणपत्रिका प्लास्टिकमध्ये गच्च बंद करून घेतली होती. चकचकीत, जाड, चारही कोपरे गोल कापलेले. असं काही मी तोवर बघितलं नव्हतं. बरोबर चिठ्ठी होती. वर्षभर इतक्या हातांत फिरली, कडा फाटायला लागल्या, म्हणून मस्कतला जाऊन मुद्दाम करून घेतलं. आता पाण्यात पडली तरी काही होणार नाही. मी ती लांज्याच्या एका बाईला दाखवली, ती शेजारी बसली होती. तिने नखाने वाजवून बघितली.

शनिवारी कॉलेजच्या खिडकीत कारकुनाने ती उलटसुलट केली. बरा माणूस होता. त्याला माझं नुकसान करायचं नव्हतं.

"ताई, ह्याच्यावर शिक्का कुठे मारू?"

मूळ गुणपत्रिकेच्या पाठीवर प्रवेश दिल्याचा शेरा आणि शिक्का मारायचा, असा नियम होता, म्हणजे एका कागदावर कुणी दोन ठिकाणी प्रवेश घेऊ नये. त्याने माझ्यासमोर शिक्का मारून दाखवला. शाई प्लास्टिकवर मण्यासारखी गोळा झाली आणि त्याने ती अंगठ्याने पुसली. आत जाऊन साहेबांना विचारून आला. शिक्का हवाच. सोमवारी अकरापर्यंत तुमचं नाव थांबवून ठेवतो, म्हणाला, प्लास्टिक काढून आणा.

रविवारी सकाळी अण्णांनी दाढीचं नवं पातं काढलं. ओटीवर उजेडात पाट घेऊन बसले. आत्या म्हणाली, वाफेवर धरा, पाकिटावरची तिकिटं सुटतात तशी सुटेल. म्हणून आधी चहाच्या भांड्यावर धरली. प्लास्टिक मऊ झालं, एका कोपऱ्यात सुटलं आणि अण्णांनी पातं आत सरकवलं. अण्णांचा हात फार स्थिर होता. फळ्यावर पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा हात. मागची बाजू अर्धी सुटली, तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं जमलं. मग पुढच्या बाजूला प्लास्टिकबरोबर कागदाची साय निघून यायला लागली. कागद इतका पातळ होतो हे मला माहीत नव्हतं. गणित प्लास्टिकला चिकटून आलं, विज्ञान कागदावर राहिलं, शिक्का अर्धा इकडे अर्धा तिकडे. अण्णांनी तेवढ्यावर पातं खाली ठेवलं. प्लास्टिकचा तुकडा उजेडात धरला तर त्यात माझे मार्क उलटे दिसत होते.

"ताईचे मार्क सोलले," विजू म्हणाली. आठ वर्षांची होती. जे दिसलं ते तिने सांगितलं.

आत्याने तिला आत नेलं. अण्णा म्हणाले, मी बोर्डाला लिहितो. आणि लिहिलं, त्यांच्या सुंदर अक्षरात, एकही खाडाखोड न करता. दुसरी प्रत मार्गशीर्षात आली, वर आडवा 'दुबार प्रत' असा शिक्का. तोवर अकरावीचं पहिलं सत्र संपलं होतं.

कुणी विचारलं तर अजून मी हीच गोष्ट सांगते, की प्लास्टिकमुळे माझं शिक्षण राहिलं. लोकांना आवडते. माझी खानावळ आहे, कॉलेजची मुलं जेवायला येतात, त्यांना तर फार गंमत वाटते. ती सगळे दाखले फोनमध्ये घेऊन फिरतात. पण खरं तसं नाही. प्लास्टिकमुळे एक वर्ष गेलं. पुढच्या जूनमध्ये दुबार प्रत पेटीत तयार होती. त्याआधी वैशाखात आत्या न्हाणीत घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं आणि मुलगा तिला मुंबईला घेऊन गेला. ह्या वेळी ती विळी इथेच ठेवून गेली. मी प्रवेशाचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर अण्णा हो म्हणाले असते, आणि मग विजूचं काय, ते मलाच सांगावं लागलं असतं. अण्णांनीही विषय काढला नाही. रोज डबा घेऊन जाताना दारात क्षणभर थांबायचे, चपलेचा अंगठा नीट करायचे आणि जायचे.

मौजा आठवीत गेली, मग नववीत. शाळेची पक्की इमारत झाली, पाण्याच्या टाक्या आल्या, विज्ञानाची खोली आली. काचेची नळकांडी कागदाच्या पेट्यांतून आली आणि मुलींनी ती मांडून ठेवली, असं आईने चार पानं लिहिलं होतं. आई दर वर्षी एक महिना यायची, खजूर आणि दुधाच्या पावडरीचे डबे आणायची, विजूला घेऊन डॉक्टरकडे जायची आणि परत जायची. दर वर्षी एक वर्षच राहिलेलं असे. इथली रजा केव्हाच संपली, शाळेने तिची जागा भरली, आणि मग इथे परत येण्यासारखं तिला काही राहिलंच नाही. सड्यावर दोन खोल्या मात्र उठल्या. मौजा दहावी झाली तेव्हा आम्ही दोघी बरोबरीच्या झालो. ती अकरावीत गेली त्याच उन्हाळ्यात आई कायमची परत आली. तिकडच्याच मुली शिकून शिक्षिका व्हायला लागल्या होत्या. त्या खोऱ्यातही एक आली, आणि आईच्या करारावर पुढची सही झाली नाही. सरकारने एक आभाराचं पत्र दिलं. मी वीस वर्षांची होते.

आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी आम्ही दोघी मागच्या पडवीत कपडे पिळत होतो. पावसाळा होता, काही वाळत नव्हतं. आई म्हणाली, तुला एक सांगायचं राहिलंय.

"गुणपत्रिका दाखवली त्या दिवशी मौजाच्या वडिलांनी विचारलं होतं, तुमची मुलगी आता काय करते. मी सांगितलं, कॉलेजात जाते."

मी चादरीचं माझ्याकडचं टोक धरून उभी होते.

"मग ते दर वर्षी विचारायचे. वर्ग उघडायच्या आधी यायचे आणि विचारायचे. मी दर वर्षी तुला एकेक वर्ग वर घालत गेले. दुसरं काय सांगणार? घरी बसली आहे सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी मौजाचं नाव काढलं असतं. यंदा तू बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहेस."

"पास होते ना दर वर्षी?"

"पहिल्या वर्गात," आई म्हणाली.

आम्ही चादर पिळली. दुसऱ्या दिवशी आईने छत्री घेतली, दुबार प्रत घेतली आणि कॉलेजात जाऊन माझं नाव अकरावी सायन्सला घालून आली. मी आहे घरी, म्हणाली, विजूला मी बघते. वह्या आणल्या, कव्हरं घातली. सकाळी सातला डबा भरून हातात द्यायची. मला वाटतं ते दिवस तिला फार चांगले गेले असावेत.

मी वर्गात अकरा दिवस बसले. बाकीच्या मुली सोळाच्या, त्या मला आधी शिक्षिकाच समजल्या. त्याचं काही नाही. फळ्यावरचं कळत होतं, निदान कळेल असं वाटत होतं. बसणं जमेना. मागच्या बाकावर कुणाचा कंपास खाली पडला की मी उठून उभी. दार आपटलं की उभी. बाराव्या दिवशी रसायनशास्त्राच्या तासाला एका मुलीच्या हातून पितळी झाकण पडून गडगडत गेलं आणि मी दोन बाकांवरून उडी मारून तिच्यापाशी गेले, तिचा खांदा धरून तिला कुशीवर वळवायला लागले. ती किंचाळली. कुणी हसलंसुद्धा नाही, आणि ते जास्त वाईट होतं. मी वह्या उचलल्या आणि बाहेर आले.

घरी जायची माझी हिंमत झाली नाही. एसटी स्टँडवर बायकांसाठी एक बाक होता, त्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही तिथेच. सकाळी सात ते बारा. चिपळूण, देवरूख, लांजा, राजापूर, गाड्या लागायच्या आणि सुटायच्या, कर्ण्यातून नावं पुकारली जायची, पत्र्यावर पाऊस वाजायचा. डबा मी दहा वाजता खात असे. घरी गेले की आई विचारायची, आज काय झालं? मी पुस्तकातल्या पुढच्या धड्याचं नाव सांगायची. रोज एक धडा. असे तीन आठवडे गेले. एका कंडक्टरने दोनदा विचारलं, बाई, कुठली गाडी? तिसऱ्यांदा विचारलं नाही, नुसतं बघून गेला.

एका बुधवारी मी बाराला घरी आले. विजू झोपली होती. आईने माझ्या हातातून छत्री घेतली, पडवीत उघडून ठेवली, डबा घेतला, उघडून रिकामा असल्याचं बघितलं आणि मोरीत ठेवला. मग पाठमोरी भांडी घासत म्हणाली, "उद्यापासून स्टँडवर नको बसूस, नंदा. घरी कोरडं तरी आहे."